प्रकाशाच्या नेटवर्कवर पत्ते कोण वाटणार?

नाटकाचा टेम्पो नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी लागतो तेव्हा तिसऱ्या घंटेला जेमतेम तीन-चार तास उरलेले असतात. तेवढ्यात नेपथ्य उभे करायचे, बारवर लाइट टांगायचे, फोकस करायचे आणि शेवटी कन्सोलवरून एकेक लाइट लागतो का ते पाहायचे. या शेवटच्या टप्प्यावर हल्ली एक नवी अडचण भेटते. केबल ठीक, दिवे ठीक, डिमर ठीक, पण विंगेतला नोड कन्सोलला दिसतच नाही. शोधाशोध केल्यावर कळते, की त्याला भलताच आयपी पत्ता मिळाला आहे किंवा मुळात मिळालेलाच नाही. दुपारी ठाण्याला गडकरी रंगायतनात आणि रात्री वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात असे एका दिवसात दोन प्रयोग लावणाऱ्या मंडळींना या शोधाशोधीत गेलेला अर्धा तास फार महाग पडतो. नेटवर्कवर पत्ते वाटण्याची व्यवस्था आधी नीट लावली, तर हा अर्धा तास वाचतो.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. १९८६ साली अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने डीएमएक्स ५१२ हे मानक ठरवले. कन्सोलपासून निघालेली केबल एका डिमरमधून दुसऱ्यात जाई आणि तिच्यावर जास्तीत जास्त ५१२ चॅनेल चालत. या ५१२ चॅनेलच्या संचाला युनिव्हर्स म्हणतात. साध्या पार लाइटला एक चॅनेल पुरतो, पण रंग, दिशा, गोबो, झूम असे सगळे बदलणाऱ्या मूव्हिंग हेडला वीस-तीस चॅनेल सहज लागतात. वीसेक मूव्हिंग हेड टांगली की एक युनिव्हर्स भरले. मग प्रत्येक युनिव्हर्ससाठी वेगळी केबल ओढण्यापेक्षा सगळी युनिव्हर्स एकाच इथरनेट केबलमधून नेणे सोयीचे ठरले. १९९८ साली ब्रिटनच्या आर्टिस्टिक लायसन्स कंपनीने आर्टनेट आणले, २००९ साली एस-एसीएन हे मानक प्रसिद्ध झाले. आता कन्सोल आणि दिवे यांच्यामध्ये स्विच असतो, आणि दिव्यांजवळ इथरनेटचे पुन्हा डीएमएक्स करून देणारा नोड. यातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा आयपी पत्ता लागतो.

हे पत्ते हाताने भरता येतात किंवा डीएचसीपी या पद्धतीने आपोआप वाटता येतात. डीएचसीपीचे आजचे रूप १९९७ सालचे आहे आणि त्याचे काम चार निरोपांत उरकते. नव्याने सुरू झालेले उपकरण सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारते, पत्ता देणारे कोणी आहे का. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो. उपकरण तो मागून घेते. सर्व्हर होकार देतो आणि पत्ता किती वेळ वापरायचा ती मुदत सांगतो. त्या मुदतीला लीज म्हणतात, आणि प्रकाशाच्या नेटवर्कवर सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते तिच्याकडेच.

या कामातल्या लोकांमध्ये दोन टोके दिसतात. काहींना सगळे पत्ते हाताने भरलेले हवे असतात, काही सगळे डीएचसीपीवर सोडून मोकळे होतात. दोन्हींत धोका आहे. हाताने भरलेल्या पत्त्यांत एखादा आकडा चुकला तर तो सापडायला वेळ लागतो, आणि भाड्याने आलेल्या नोडमध्ये मागच्या कार्यक्रमाचा पत्ता तसाच राहिलेला असतो. सगळेच आपोआप वाटले तर आज कोणत्या नोडचा पत्ता कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही. टिकणारी मांडणी या दोहोंच्या मधली आहे. मुख्य कन्सोल, बॅकअप कन्सोल आणि पत्ते वाटणारा सर्व्हर यांचे पत्ते हाताने भरून कायमचे करावेत. नोड आणि डिमर रॅक यांना डीएचसीपीतूनच पत्ते द्यावेत, पण राखीव. फोकस करताना हातात असणारे टॅब्लेट, फोन आणि पाहुण्या तंत्रज्ञांचे लॅपटॉप यांच्यासाठी मोकळा साठा ठेवावा.

राखीव पत्ता देणे अवघड नाही. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच एक मॅक पत्ता मिळालेला असतो आणि बहुतेक वेळा तो मागच्या पट्टीवर छापलेला असतो. सर्व्हरला एकदा सांगून ठेवायचे, की हा मॅक पत्ता दिसला की नेहमी हाच आयपी पत्ता द्यायचा. नोडमध्ये काही भरावे लागत नाही, त्याची सेटिंग कोणी पुसली तरी बिघडत नाही, आणि तो दर वेळी त्याच पत्त्यावर सापडतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. नोड बिघडला आणि पुरवठादाराने दुसरा आणून दिला, तर त्याचा मॅक पत्ता वेगळा असतो. मग राखीव पत्ता त्याला लागू होत नाही आणि त्याला मोकळ्या साठ्यातला पत्ता मिळतो. नोड बदलणाऱ्याने सर्व्हरमधली नोंदही त्याच वेळी बदलली पाहिजे.

पत्ते कोणते निवडायचे, हे बरेचसे उपकरणांच्या घराण्यावरून ठरते. ईटीसी या अमेरिकन कंपनीची उपकरणे साधारणपणे १०.१०१ ने सुरू होणारे पत्ते आणि २५५.२५५.०.० हा सबनेट मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा, वापरतात. आर्टनेटची जुनी रीत २ किंवा १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची आणि २५५.०.०.० या मास्कची आहे. यातले २ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले नाहीत, ते इंटरनेटवर खरोखर वाटलेले आहेत. म्हणून असे नेटवर्क इंटरनेटला जोडू नये. नव्याने मांडणी करणाऱ्याने १० ने सुरू होणारे पत्ते घेणे उत्तम. १९२.१६८.०.x आणि १९२.१६८.१.x हे पट्टे टाळावेत, कारण घरगुती वायफाय राउटर बहुधा तेच घेऊन येतात आणि गोंधळ झाला तर कोणाचा पत्ता कोणता हे ओळखू येत नाही.

समजा, मास्क २५५.२५५.०.० ठरला. मग तिसऱ्या आकड्यावरून उपकरणाची जात ओळखू येईल अशी विभागणी करता येते. कन्सोल १०.१०१.१.x वर, विंगेतले आणि बारवरचे नोड १०.१०१.२०.x वर, डिमर १०.१०१.३०.x वर, आणि मोकळा साठा १०.१०१.२००.१ पासून १०.१०१.२००.२०० पर्यंत. या मास्कमध्ये ६५,५३४ पत्ते बसतात, त्यामुळे काटकसर करण्याचे कारण नाही. नियम एकच, पण तो कडक पाळावा: हाताने भरलेला एकही पत्ता मोकळ्या साठ्याच्या हद्दीत येता कामा नये. बॅकअप कन्सोलला चुकून साठ्यातला पत्ता भरला आहे असे धरू. दुपारी तो बंद आहे. सर्व्हरने देण्यापूर्वी तो पत्ता कोणी वापरते का हे तपासले, तरी उत्तर येत नाही, म्हणून तो पत्ता कोणाच्या तरी लॅपटॉपला जातो. संध्याकाळी बॅकअप सुरू होतो आणि एकाच पत्त्यावर दोन यंत्रे भांडू लागतात. सकाळच्या चाचणीत ही चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक आहे.

मास्क सगळीकडे एकच असावा, यावरही तितकाच भर द्यायला हवा. आर्टनेट सगळ्यांना ऐकू जाईल असा निरोप पाठवते, तेव्हा त्याचा पत्ता मास्कवरून ठरतो. २५५.०.०.० असलेला कन्सोल तो १०.२५५.२५५.२५५ वर पाठवतो. २५५.२५५.०.० असलेला नोड मात्र १०.१०१.२५५.२५५ वर कान लावून बसलेला असतो. दोघांचे पत्ते बरोबर दिसतात, पिंगलाही उत्तर मिळते आणि लाइट मात्र लागत नाही. डीएचसीपीचा एक मोठा फायदा इथे आहे, कारण पत्त्याबरोबर मास्कही सर्व्हरच देतो. हाताने भरलेल्या दोन-तीन यंत्रांत तो जुळवला की काम झाले. गेटवे आणि डीएनएस यांच्या जागा मात्र सर्व्हरमध्ये रिकाम्या ठेवाव्यात. प्रकाशाच्या नेटवर्कवरून इंटरनेटला वाट नसेल आणि तरी गेटवे दिला असेल, तर लॅपटॉप बाहेरची सगळी वाहतूक त्या बंद वाटेला लावू शकतो.

आता प्रश्न सर्व्हर कोणी व्हायचे याचा. बऱ्याच कन्सोलमध्ये डीएचसीपी सर्व्हर आतच असतो, काही चांगल्या स्विचमध्येही असतो, आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर डीएनएसमास्क ही मोफत प्रणाली बसवूनही हे काम भागते. कायमच्या नाट्यगृहात हे काम स्विचकडे द्यावे. स्विच सगळ्यांत आधी सुरू होतो, त्याला कोणी मध्येच रीस्टार्ट करत नाही, आणि कोणत्याही नाटकाचा कोणताही कन्सोल आला तरी तो जागेवरच असतो. दौऱ्यावर स्वतःचा कन्सोल आणि स्वतःचे नोड घेऊन फिरणाऱ्या संस्थेला कन्सोलमधला सर्व्हर पुरतो. मात्र बॅकअप कन्सोलमधला सर्व्हर बंद असल्याची खात्री करावी. डीएचसीपीच्या मूळ रचनेत दोन सर्व्हरांनी आपसांत बोलून पत्ते वाटण्याची सोय नाही. दोघेही एकाच साठ्यातून वाटू लागले तर कोणीतरी एकच पत्ता दोघांना देणार.

लीजचा हिशेब समजून घेतल्याशिवाय सर्व्हर सुरू करू नये. उपकरण लीजची मुदत पूर्ण संपेपर्यंत थांबत नाही. निम्मी मुदत गेली की ते आपल्या सर्व्हरकडे वाढ मागते. उत्तर आले नाही तर ८७.५ टक्के मुदत गेल्यावर मिळेल त्या सर्व्हरला विचारते. तरीही उत्तर नाही, तर मुदत संपताच त्याने तो पत्ता सोडून द्यावा असा नियम आहे. काही राउटरमध्ये आणि छोट्या सर्व्हरमध्ये लीज एका तासाची असते. प्रयोग सुरू असताना सर्व्हर बंद पडला, तर नोडकडे उरते किती? तो नेमका वाढ मागण्याच्या बेतात असेल तर अर्धा तास, आणि नुकतीच वाढ मिळाली असेल तर जवळजवळ तासभर. म्हणजे पहिल्या अंकात सर्व्हर गेला तर दुसऱ्या अंकात, भर प्रसंगात, नोड एकामागून एक आपले पत्ते सोडू लागतील. तेही एकदम सोडणार नाहीत, कारण प्रत्येकाची वाढ वेगळ्या वेळी झालेली असते. लीज २४ तासांची केली, तर सर्व्हर गेल्यावरही कोणत्याही नोडकडे किमान १२ तास उरतात. संगीत नाटकाचा लांबलेला प्रयोगही त्यात सहज बसतो. नाट्यगृहाला २४ तासांपेक्षा कमी लीज ठेवण्याचे काही कारण नाही. आठवड्याची ठेवायची असेल तर मोकळा साठा मोठा ठेवावा, नाहीतर रोज नव्या संस्थांचे फोन आणि लॅपटॉप येऊन साठा संपेल आणि नवख्या यंत्राला पत्ताच मिळणार नाही.

पत्ता बदलला की लाइट जातो, असेही सरसकट नाही. एस-एसीएन मल्टिकास्टने चालते. पहिले युनिव्हर्स २३९.२५५.०.१ या गटपत्त्यावर जाते, दुसरे २३९.२५५.०.२ वर, आणि ज्या नोडला जे युनिव्हर्स हवे तो त्या गटात नाव नोंदवतो. नोडचा स्वतःचा पत्ता कन्सोलला ठाऊक असण्याची गरजच नसते. त्यामुळे बऱ्याचदा नोड भलत्या पत्त्यावर असूनही लाइट लागतो, पण त्याची सेटिंग बदलायला गेले की तो यादीत दिसत नाही. आर्टनेटमध्ये कन्सोलला एखाद्या नोडचा पत्ता हाताने भरून दिला असेल, तर तो पत्ता बदलताच त्या नोडचे लाइट थांबतात. टॅब्लेटवरून ओएससी या नेटवर्कवरून आदेश पाठवण्याच्या पद्धतीने कन्सोल चालवणाऱ्यांचेही तसेच. तिथे कन्सोलचा पत्ता टॅब्लेटमध्ये भरलेला असतो, म्हणून तो कायमचाच हवा. एस-एसीएनवरचा नोड राखीव पत्त्याविना एखादा प्रयोग निभावून नेईल, थेट पत्त्यावरच्या आर्टनेटचा नोड नेणार नाही. वेळ कमी असेल तर कोणाची नोंद आधी करायची, हे यावरून ठरवावे.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो आगंतुक सर्व्हरमुळे. कोणाला तरी टॅब्लेटसाठी वायफाय हवे असते, म्हणून घरचा राउटर आणून त्याची केबल स्विचला जोडली जाते. त्या राउटरमध्येही डीएचसीपी सर्व्हर असतो आणि तो पत्ते वाटू लागतो. उपकरण बहुधा ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेते, त्यामुळे काही नोड योग्य पत्त्यावर आणि काही राउटरच्या पत्त्यावर असा खेळखंडोबा होतो. आधीच सुरू असलेल्या नोडांना लगेच काही होत नाही, म्हणून राउटर जोडल्याबरोबर कोणाच्या लक्षात येत नाही. बंद करून पुन्हा सुरू केलेला नोड पहिला बळी ठरतो. वायफाय हवेच असेल, तर राउटरमधला डीएचसीपी आधी बंद करावा, त्याला आपल्या पट्ट्यातला कायमचा पत्ता द्यावा आणि केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावावी. यातली पहिली दोन कामे घरूनच करून यावे.

बिघाड शोधताना मिळालेला पत्ताच पुष्कळ सांगून जातो. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर उपकरणाने विचारले पण कोणीच उत्तर दिले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेतला, असा अर्थ होतो. अशा वेळी सर्व्हर, स्विच आणि केबल पाहावी. १९२.१६८.०.x किंवा १९२.१६८.१.x दिसला तर घरगुती राउटरचा संशय घ्यावा. १९२.१६८.१३७.x दिसला तर खोलीतल्या एखाद्या विंडोज लॅपटॉपवर इंटरनेट शेअरिंग सुरू आहे, कारण विंडोज त्या कामासाठी तोच पट्टा वापरते. नक्की कोण वाटते आहे हे पाहायला विंडोज लॅपटॉप नेटवर्कला जोडून आयपीकॉन्फिगची सविस्तर माहिती काढावी. डीएचसीपी सर्व्हर या ओळीत वाटणाऱ्याचा पत्ता असतो. त्या पत्त्याचा मॅक पत्ता काढला, तर पहिल्या तीन जोड्यांवरून उत्पादक कळतो आणि राउटर कोणत्या विंगेत ठेवला आहे ते शोधणे सोपे होते. व्यवस्थापित स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग सुरू करून ठरलेल्या पोर्टवरचाच सर्व्हर ऐकायचा असे सांगता येते. आगंतुकांचा बंदोबस्त त्याने कायमचा होतो, पण सर्व्हर कन्सोलमध्ये असेल तर कन्सोलची केबल रोज त्याच पोर्टला लागली पाहिजे. म्हणून त्या पोर्टवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी.

उपकरणे कोणत्या क्रमाने सुरू होतात, यालाही महत्त्व आहे. जिल्ह्याच्या गावी वीज जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद सगळे अंधारात असते आणि मग सगळी उपकरणे एकदम जागी होतात. नोड काही सेकंदांत तयार होऊन पत्ता मागतो, कन्सोल मात्र अजून सुरू होत असतो. चांगले नोड पुन्हा पुन्हा विचारत राहतात, स्वस्तातले एकदा स्वतःचा पत्ता घेऊन बसले की हलत नाहीत. स्विचमुळेही उशीर होतो. केबलींचे वेटोळे होऊ न देणारी स्पॅनिंग ट्री ही स्विचमधली सोय जुन्या पद्धतीने सुरू असेल, तर केबल जोडल्यावर ते पोर्ट ३० सेकंद काहीच पुढे जाऊ देत नाही आणि तेवढ्यात नोड विचारून दमतो. नोड जोडलेल्या पोर्टांवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट ही सेटिंग सुरू केली की हा थांबा जातो. स्विच आणि सर्व्हर दोन्ही यूपीएसवर ठेवणे हा तर सगळ्यात सोपा आणि स्वस्त विमा आहे. दिवे यूपीएसवर चालणार नाहीत, पण वीज येताच नोडला पत्ता देणारा जागा असतो.

हे सगळे लावून झाले की परीक्षा घ्यावी, आणि ती रंगीत तालमीच्या दिवशी घ्यावी, प्रयोगाच्या दिवशी नव्हे. सगळे सुरू असताना सर्व्हर बंद करून लाइट तसेच राहतात का ते पाहावे. मग सर्व्हर बंदच ठेवून एक नोड बंद करून सुरू करावा आणि तो काय करतो त्याची नोंद करावी. प्रत्येक कंपनीचा नोड इथे वेगळा वागतो, माहितीपत्रकात ते नेहमी लिहिलेले नसते, म्हणून स्वतः पाहिल्याखेरीज गत्यंतर नाही. शेवटी मेन स्विचवरून सगळे बंद करून एकदम सुरू करावे आणि प्रत्येक नोड आपल्या राखीव पत्त्यावर परत आला का ते यादी घेऊन तपासावे.

नाट्यगृहांच्या व्यवस्थापनांनी, विशेषतः महापालिकांनी, एक काम जरूर करावे. प्रकाशनियंत्रण खोलीच्या भिंतीवर या नेटवर्कचा एक कागद लावावा. पत्त्यांचा पट्टा, मास्क, सर्व्हर कोणत्या उपकरणात आहे, लीज किती, मोकळा साठा कुठून कुठपर्यंत, नोडांचे राखीव पत्ते आणि पाहुण्या कन्सोलसाठी ठेवलेला पत्ता त्यावर असावा. शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला, तेही खाली लिहावे. बाहेरगावाहून आलेल्या संस्थेने कन्सोल जोडण्याआधी तो कागद वाचावा, आणि कागद नसेल तर नाट्यगृहाच्या तंत्रज्ञाकडे तो मागावा.